जुन्या जीपगाडीचे प्लग : परीक्षा, निवड आणि बदल

ऐन हंगामात जुन्या पेट्रोल गाडीने दगा दिला, की गावात पहिले निदान ठरलेले असते : “प्लग शॉर्ट झाला.” मग घाईने दुकानातून मिळेल तो प्लग आणून बसविला जातो. गाडी चालू झाली, म्हणजे काम झाले असे सर्वांना वाटते. महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा उद्भवली, म्हणजे दुकानदाराला किंवा प्लगाच्या कारखान्याला दोष दिला जातो. वास्तविक पुष्कळ वेळा प्लग हा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. ते लक्षण न वाचता प्लग फेकून देणे म्हणजे पिवळे पडलेले पान खुडून पीक सुधारण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

यातील नुकसान केवळ प्लगाच्या किमतीचे नसते. चारपैकी एका सिलिंडरातील ठिणगी बंद पडली, तर त्या सिलिंडरात गेलेले पेट्रोल न जळता बाहेर पडते. त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढतो व खाली उतरून इंजिनातील तेल पातळ करतो. असे इंजिन दीर्घकाळ चालविले, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांची झीज वाढते. याउलट चुकीच्या लांबीचा किंवा चुकीच्या उष्णता-श्रेणीचा प्लग बसविला, तर हेडचे आटे जाणे किंवा पिस्टनला भोक पडणे येथपर्यंत मजल जाऊ शकते. पहाटे भाजीपाला बाजारात नेणाऱ्या अथवा रात्री-अपरात्री आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचविणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

उदाहरणादाखल निवडलेली गाडी

या लेखात मुख्यतः जुन्या पेट्रोल जीपचे उदाहरण घेतले आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि त्यानंतर विकास गटाची जीप हे खेड्यापाड्यांतील परिचित दृश्य झाले. मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलिज जीपची जोडणी 1947 च्या सुमारास सुरू केली होती. तिच्या सीजे-3 बी या नमुन्यात चार सिलिंडरांचे, सुमारे 2.2 लिटर क्षमतेचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असे. सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरील गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द करण्यात आल्याने सरकारी सेवेत अशा गाड्या आता राहिल्या नाहीत. परंतु खासगी मालकांनी जतन करून चालत्या ठेवलेल्या जीपगाड्या आजही आढळतात.

पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत मागाहून डिझेल इंजिन बसविण्यात आले. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते. त्यात ठिणगीचा प्लग नसतो. काही डिझेल इंजिनांत जो प्लग दिसतो, तो केवळ थंडीत हवा तापविण्यासाठी असतो. म्हणून पुढील सर्व विवेचन पेट्रोल इंजिनापुरतेच समजावे.

प्लगाचे कार्य

बॅटरीचा दाब 6 किंवा 12 व्होल्ट असतो. पॉइंट उघडताच कॉइल हा दाब काही हजार व्होल्टपर्यंत वाढविते आणि डिस्ट्रिब्युटर तो क्रमाने एकेका प्लगाकडे पाठवितो. प्लगाच्या मध्यभागी धातूची कांडी असते. तिच्याभोवती वीज अडविणारे पांढरे चिनी मातीसारखे आवरण असते आणि बाहेर आटे पाडलेले पोलादी कवच असते. कवचाला खाली एक वाकडी पट्टी जोडलेली असते. मधली कांडी व ही पट्टी यांमध्ये ठेवलेल्या फटीतून वीज उडी घेते, तीच ठिणगी होय. हीच फट कारागिरांच्या भाषेत ‘गॅप’ म्हणून ओळखली जाते.

प्लगाचे दुसरे कार्य फारसे लक्षात घेतले जात नाही. ज्वलनाची जी उष्णता प्लगाच्या टोकाला मिळते, ती त्याने हेडमार्फत बाहेर घालविली पाहिजे. टोकाचे तापमान सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, तर त्यावर काजळी साचते व वीज ठिणगी न पाडता काजळीवाटेच निसटते. यालाच ‘प्लग शॉर्ट होणे’ म्हणतात. तापमान सुमारे 850 अंशांच्या फार वर गेले, तर टोक निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटविते. इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन धोक्यात येतो. या दोन मर्यादांच्या दरम्यान प्लग आपली काजळी आपणच जाळून स्वच्छ राहतो.

प्लग काढण्याची रीत

इंजिन थंड होऊ द्यावे. विशेषतः ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना प्लग काढू नये, कारण गरम हेडचे आटे प्लगाबरोबर ओढले जाण्याचा संभव असतो. जीपचे चौघे प्लग काढण्यापूर्वी त्यांच्या वायरींवर 1 ते 4 असे क्रमांक घालावेत. रेडिएटरकडचा सिलिंडर हा पहिला समजावा. या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा आहे. वायरींची अदलाबदल झाली, तर गाडी मागे फटाके मारते किंवा मुळीच चालू होत नाही.

वायर ओढताना ती टोपीला धरून काढावी. वायरीला हिसका देऊ नये. नंतर योग्य मापाच्या प्लगपान्याने प्लग केवळ पाव फेरा सैल करावा आणि तेथे थांबावे. सायकलच्या पंपाने प्लगाभोवतीची माती व खडे फुंकून टाकावेत आणि मगच प्लग पूर्ण बाहेर काढावा. ही एक मिनिटाची काळजी न घेतल्यास प्लगाच्या खळग्यातील वाळू थेट सिलिंडरात पडते. जीपच्या मूळ प्लगाला 13/16 इंची पाना लागतो. पाना तिरपा धरला तर आतले पांढरे आवरण तडकते. ही तड बाहेरून नेहमीच दिसते असे नाही.

काढलेले प्लग एका फळीवर सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. ते चुकूनही एकत्र डब्यात टाकू नयेत, कारण पुढील परीक्षेचा सारा आधार या क्रमावर आहे.

प्लगाची परीक्षा

प्लग पाहण्यापूर्वी गाडी काही किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालविलेली असावी. नुसती उभी ठेवून चालविलेल्या गाडीचे प्लग काळेच दिसतात व त्यावरून काही ठरविता येत नाही.

टोक फिकट तपकिरी किंवा करड्या रंगाचे, कोरडे व थोडीशी राख बसलेले असेल, तर इंजिन व प्लग दोन्ही ठीक आहेत असे समजावे. फट वाढली असल्यास तेवढी नीट करावी.

कोरडी, मऊ, काळी काजळी असेल, तर हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जात आहे. चोक अडकलेला आहे काय, कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी वाढली आहे काय आणि हवेची गाळणी चोंदली आहे काय, हे पाहावे. जुन्या जीपची गाळणी तेलाच्या वाटीची असते. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवर ती लवकर भरते. वाटीत खुणेपेक्षा अधिक तेल घातले तरीही हवेला अडथळा होतो. ठिणगी अशक्त असल्यासही अशीच काजळी धरते.

ओले, चिकट, काळे तेल असेल, तर चार टप्प्यांच्या इंजिनात रिंगा किंवा झडपांच्या मार्गिका झिजल्याचे ते चिन्ह आहे. येथे नवा प्लग काही दिवसच टिकेल. पेट्रोलने ओला झालेला व पेट्रोलचाच वास येणारा प्लग मात्र वेगळा. तेथे ठिणगी पडत नाही किंवा चोकाचा अतिरेक झाला आहे.

पांढरेशुभ्र, चकाकणारे किंवा फोड आलेले टोक ही गंभीर सूचना आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, ठिणगी वेळेपूर्वी पडत आहे, पाणी नीट फिरत नाही, प्लग सैल बसला आहे किंवा तो प्रमाणाबाहेर उष्ण श्रेणीचा आहे. असा प्लग दिसल्यावर कारण सापडेपर्यंत गाडीवर ओझे घालू नये.

कांडीच्या कडा गोल झाल्या असतील व पट्टी झिजून पातळ झाली असेल, तर प्लगाचे आयुष्य संपले. साधे प्लग सामान्यतः 15,000 किलोमीटरच्या सुमारास बदलावे लागतात. आवरण तडकलेला प्लग मात्र किती नवा आहे याचा विचार न करता टाकून द्यावा.

चौघांची तुलना

एकट्या प्लगापेक्षा चौघांची तुलना अधिक सांगून जाते. चारही प्लग सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असतील, तर दोष सर्वांना समान असलेल्या भागात, म्हणजे कार्ब्युरेटर, हवेची गाळणी, कॉइल, पॉइंट किंवा टायमिंग यांत शोधावा. तिघे चांगले व एकच वाईट असेल, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे : तो प्लग, त्याची वायर, झडप किंवा रिंग.

तो एक प्लग दोषी आहे की सिलिंडर, हे ठरविण्याची युक्ती सोपी आहे. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरात व शेजारचा प्लग येथे बसवून गाडी चालवावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर प्लग बदलावा. दोष जागच्या जागी राहिला, तर प्लग निर्दोष आहे व खर्च अन्यत्र करणे आवश्यक आहे. दर महिन्याला नवा प्लग घेणाऱ्या मालकास ही एक कसोटी अनेक प्लगांचा खर्च वाचवून देईल आणि रिंगांचे काम वेळेवर हाती घेण्यास लावील.

वायरींची तपासणी रात्री अंधारात करावी. इंजिन चालू असताना जुन्या, तडकलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसतात. पावसाळ्यात सकाळी चालू न होणाऱ्या गाडीत हा दोष वारंवार आढळतो. प्लग बाहेर काढून इंजिनच्या धातूला टेकवून ठिणगी पाहावयाची असल्यास तो कोरड्या रबरी मुठीच्या पकडीने धरावा व प्लगाच्या उघड्या भोकापासून दूर ठेवावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. मोकळ्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरातील दाबाखाली पडेलच असे नाही, हेही ध्यानी असावे.

योग्य प्लगाची निवड

दुकानात प्लग मागताना “जीपचा प्लग” एवढे सांगणे पुरेसे नाही. पुढील चार बाबी जुळल्या पाहिजेत.

पहिली बाब आट्यांचा व्यास. जीपला व बहुतेक जुन्या गाड्यांना 14 मिलिमीटरचा प्लग लागतो.

दुसरी बाब आट्यांची लांबी, आणि चूक येथेच अधिक होते. हरिकेन इंजिनाच्या मूळ प्लगाच्या आट्यांची लांबी 3/8 इंच, म्हणजे सुमारे 9.5 मिलिमीटर आहे. 14 मिलिमीटर व्यासाचेच, परंतु 12.7 किंवा 19 मिलिमीटर लांबीचे प्लग बाजारात सर्रास मिळतात व ते त्याच भोकात बसतातही. असा लांब प्लग आत डोकावतो. त्याच्या उघड्या आट्यांवर काजळी घट्ट बसून पुढे तो काढताना हेडचे आटे जातात, आणि काही इंजिनांत त्याच्यावर पिस्टन किंवा झडप आपटते. उलट, आखूड प्लग लांब भोकात बसविला, तर खालचे आटे काजळीने भरतात व ठिणगी मिश्रणापासून दूर पडते. म्हणून नवा प्लग जुन्याशेजारी उभा धरून लांबी डोळ्यांनी ताडून पाहावी. मात्र जुना प्लगच चुकीचा असू शकतो. शक्य तेव्हा गाडीच्या पुस्तिकेशी मेळ घालावा.

तिसरी बाब बैठक. काही प्लग वायसरवर बसतात, तर काही निमुळत्या बैठकीवर. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

चौथी बाब उष्णता-श्रेणी. ज्या प्लगाच्या आवरणाचे नाक लांब, तो उष्ण. ज्याचे आखूड, तो थंड. निरनिराळ्या कारखान्यांचे अंक निरनिराळ्या दिशांनी वाढतात, हे पक्के लक्षात ठेवावे. एनजीके प्लगात अंक वाढला की प्लग थंड होतो. बी-7 हा बी-6 पेक्षा थंड. चॅम्पियन प्लगात अंक वाढला की प्लग उष्ण होतो. बॉश व मायको यांच्या जुन्या तीन-अंकी पद्धतीत 175 पेक्षा 225 हा थंड होता. नव्या पद्धतीत तेच प्लग अनुक्रमे 7 व 5 या अंकांनी ओळखले जातात, म्हणजे लहान अंक थंड. केवळ अंक पाहून ‘त्याच्या जवळचा’ प्लग घेणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. दुसऱ्या कारखान्याचा प्लग घ्यावयाचा असल्यास पर्यायांचा छापील तक्ता दुकानदाराकडून पाहून घ्यावा.

तेल खाणाऱ्या इंजिनात किंचित उष्ण प्लग घालून दिवस ढकलण्याची प्रथा आहे. रिंगांचे काम होईपर्यंत व हलक्या कामापुरता हा उपाय एक वेळ क्षम्य ठरेल. परंतु त्याच गाडीला भरलेला ट्रेलर जोडून घाट चढविला, तर तोच प्लग इंजिनाचा घात करील. प्लॅटिनम किंवा इरिडियमचे महाग प्लग अधिक टिकाऊ असतात. तथापि झिजलेल्या रिंगा, जळालेले पॉइंट व चोंदलेली गाळणी यांवर ते उपाय नव्हेत.

गॅप आणि बसविणी

प्लग नवा असला तरी त्याची गॅप मोजूनच बसवावा. हरिकेन इंजिनासाठी ती 0.030 इंच, म्हणजे सुमारे 0.76 मिलिमीटर आहे. ती कमी-जास्त करताना फक्त बाहेरची पट्टी वाकवावी. मधल्या कांडीला जोर लावल्यास आवरण तडकते. वापरलेल्या प्लगाची गॅप गोल तारेच्या मापाने मोजावी. झिजेमुळे आत खोलगा पडलेला असतो व चपट्या पातीचे माप तो दाखवीत नाही.

जुना प्लग पुन्हा वापरावयाचा असल्यास तो पेट्रोल व ताठ केसांच्या ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावा. तारेच्या ब्रशने पांढरे आवरण घासू नये. त्यावर धातूचे ओरखडे राहून वीज त्यांवरून निसटते. हे काम उघड्यावर करावे आणि जवळपास विडी-काडी, चूल किंवा कंदील नसावा.

हेडची बैठक कोरड्या फडक्याने पुसावी. प्लग प्रथम हातानेच फिरवून शेवटपर्यंत बसवावा. दोन-तीन फेऱ्यांतच तो अडला, तर आटे तिरपे लागले आहेत. पाना न लावता तो उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी. हाताने पूर्ण बसल्यावर, नव्या वायसरचा प्लग पान्याने सुमारे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. वायसर आधीच दबलेला असल्यास सुमारे एक-अष्टमांश फेरा पुरे होतो. पान्याला नळी लावून जोर करू नये. सैल प्लगही तितकाच वाईट, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. बदलताना चौघे प्लग एकाच वेळी व एकाच क्रमांकाचे बदलणे श्रेयस्कर. जुन्यांतील बरे दोन सुट्या पान्यांच्या पेटीत राखून ठेवावेत.

इंधनातील बदल

जुन्या गाड्या ज्या पेट्रोलसाठी घडविल्या गेल्या, ते पेट्रोल आता मिळत नाही. शिशाचे पेट्रोल देशात 2000 साली बंद झाले. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांच्या दृष्टीने इथेनॉल हे उत्पन्नाचे एक साधन आहे. त्याच वेळी जुन्या गाडीच्या मालकाने त्याचे गुणधर्म जाणले पाहिजेत. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. म्हणून निव्वळ पेट्रोलसाठी बसविलेल्या कार्ब्युरेटरमधून त्याचे मिश्रण काहीसे विरळ जाते व प्लगाचे टोक पूर्वीपेक्षा फिकट दिसू शकते. हा रंग पाहून लगेच प्लगाची श्रेणी बदलू नये. आधी जाणत्या कारागिराकडून कार्ब्युरेटरचे मिश्रण तपासून घ्यावे. इथेनॉल पाणी शोषते व जुन्या रबराला फुगविते. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा यांवर लक्ष ठेवावे, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

दोन टप्प्यांच्या गाड्यांविषयी

दूधवाल्यांच्या जुन्या एम-80, लूना, राजदूत किंवा त्या काळच्या स्कूटर यांत तेल पेट्रोलबरोबरच जळते. म्हणून त्यांच्या प्लगावर काजळी लवकर साचते व कधी काजळीचा कण फटीत अडकून ठिणगी एकाएकी बंद पडते. अशा गाडीजवळ एक चांगला प्लग व प्लगपाना नेहमी असावा. तेलाचे प्रमाण मापाने ठेवावे. ‘थोडे जास्तच बरे’ म्हणून अधिक तेल घातल्यास प्लग खराब होतो व धुराड्यात काजळी साचते. कमी घातल्यास पिस्टन जाम होतो. या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने आट्यांची काळजी दुप्पट घ्यावी.

नोंद ठेवण्याची सवय

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एक लहान वही ठेवण्यास सांगावे. तीत तारीख, किलोमीटर, प्लगाचा कारखाना व पूर्ण क्रमांक, गॅप आणि चारही प्लगांचा रंग सिलिंडरवार लिहावा. दर 5,000 किलोमीटरांनी, तसेच पावसाळ्यापूर्वी एकदा, प्लग काढून ही नोंद करावी. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मागील तीन नोंदींत तेलकट होत गेला आहे, असे वहीत दिसले, तर रिंगांचे काम सुगीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत उरकून घेता येईल. ते काम टाळले गेले, तर गाडी आपल्या सोयीने बंद पडेल, आणि ती सोय बहुधा माल भरून झाल्यावरची असते.